चागोसचे प्रकल्पग्रस्त आणि ९९ वर्षांचा भाडेपट्टा

घोटीकर | २४ मे २०२५, रात्री १०.४०

परवा, २२ मे रोजी, ब्रिटन आणि मॉरिशसने चागोस बेटांच्या करारावर सह्या केल्या. मोबाइलवर ती बातमी वाचल्यापासून आजोबांच्या ट्रंकेतला एक कागद डोळ्यांसमोरून हलत नाहीये, म्हणून हा धागा काढतोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मालदीवच्या दक्षिणेला पाचेकशे किलोमीटरवर साठेक चिमुकल्या बेटांचा पुंजका आहे, तोच चागोस. त्यातलं सर्वांत मोठं डिएगो गार्सिया, आणि त्याची जमीनसुद्धा तीस चौरस किलोमीटर भरत नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी मादागास्कर, मोझांबिककडून गुलाम आणून तिथे नारळाचे मळे लावले. १८१४ च्या तहात मॉरिशसबरोबर ही बेटं इंग्रजांकडे आली. गुलामी बंद झाल्यावर आपल्याकडचे मजूरही गेले. खोबरं वाळवायचं, तेल काढायचं, मासे धरायचे. पाच-सहा पिढ्या तिथेच जन्मल्या नि तिथल्याच मातीत गेल्या.

१९६५ साली मॉरिशसचे पुढारी स्वातंत्र्याची बोलणी करायला लंडनला गेले. त्याच वेळी अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता. मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन यांना भेटणार, त्याआधी विल्सन यांच्या हाती एक टिपण देण्यात आलं. ते आज सगळ्यांना वाचायला मिळतं. त्याचा मतलब असा: त्यांना आशा दाखवून घाबरवायचं. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि बेटांच्या बाबतीत शहाणपणा दाखवला नाही तर मिळणार नाही ही भीती. ३० लाख पाउंड देऊन बेटं मॉरिशसपासून तोडली. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी नवी वसाहत कागदावर आली. मॉरिशस स्वतंत्र झालं १२ मार्च १९६८ ला, पण बेटांशिवाय.

मग माणसं हलवली. १९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार जणांना. मॉरिशसला दवाखान्यासाठी गेलेल्यांना परतीच्या बोटीत चढू दिलं नाही. बेटावर रेशन घेऊन येणाऱ्या बोटी कमी कमी होत गेल्या. १९७१ मध्ये डिएगो गार्सियावरची पाळलेली कुत्री खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुराने मारली. मालकांच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर कोणाला वेगळं सांगायची गरज उरली नाही.

लंडनच्या कागदांत या लोकांना 'हंगामी मजूर' म्हटलंय. कारण 'रहिवासी' म्हटलं की संयुक्त राष्ट्रांसमोर जबाब द्यावा लागतो.

आपल्याकडे अशा माणसाला एक शब्द आहे, प्रकल्पग्रस्त. मी त्यांना त्याच शब्दाने ओळखतो.

माझ्या आजोबांचं गाव इगतपुरी तालुक्यातल्या एका धरणात गेलं. धरणाचं नाव घेत नाही, कारण मला कोणाची तक्रार मांडायची नाहीये. आजोबा निरक्षर होते. मोबदल्याच्या कागदावर त्यांचा अंगठा आहे. कागद चार पानांचा, अंगठा चौथ्या पानावर. आधीच्या तीन पानांवर काय आहे ते त्यांना कोणी वाचून दाखवलं नाही. पुढे पंचवटीत मार्केट यार्डात त्यांनी आयुष्यभर हमाली केली. कोणी गाव विचारलं की बुडालेल्या गावाचं नाव सांगायचे, 'नाशिक' कधीच नाही.

आणि आता हे बघा. १९८२ साली ब्रिटनने चागोसवासीयांसाठी ४० लाख पाउंड दिले. ते वाटताना लोकांकडून कागद भरून घेतले, कायद्याच्या इंग्रजीत. परत जाण्याचा हक्क आम्ही सोडला, असं त्यात लिहिलेलं. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी अंगठे उठवले.

हे वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

आता नवा करार. बेटांवर सत्ता मॉरिशसची. डिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे, म्हणजे व्यवहारात ब्रिटन-अमेरिकेकडे, आणि पुढे ४० वर्षं वाढवायची सोय. बाकीच्या बेटांवर मॉरिशस माणसं वसवू 'शकेल'. डिएगो गार्सियावर मात्र नाही.

सह्या सकाळी व्हायच्या होत्या. डिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन बायकांनी आदल्या रात्री लंडनच्या न्यायालयातून स्थगिती मिळवली. आम्हाला विचारलंच नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. दुपारी स्थगिती उठली आणि लगेच सह्या झाल्या.

मला वाटतं बेटं मॉरिशसची आहेत, हे मान्य झालं ते योग्यच झालं. पण १९६५ ला ज्यांना बोलण्यात बसवलं नव्हतं, त्यांना २०२५ लाही बसवलेलं नाही. तुमचं काय मत आहे?

---

स्पर्धापरीक्षा_२६ | २४ मे, रात्री ११.१५

वाचनखूण साठवली. चागोसबद्दल २०१९ ला आलेला आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल ब्रिटनवर बंधनकारक होता का, हे कोणी सांगेल का? क्लासच्या नोट्समध्ये दोन्ही लिहिलंय.

---

अबोली | २५ मे, सकाळी ७.५०

घोटीकरदादा, तुमचा लेख वाचून काल झोप लागली नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी दोन वर्षं पोर्ट लुईला राहिले. आपली माणसं तिथे पुष्कळ आहेत. १८३४ नंतर मुंबई बंदरातून ऊसमळ्यांवर गेलेल्या कोकणातल्या, देशावरच्या लोकांची ही पाचवी-सहावी पिढी. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. पहिल्या वर्षी विसर्जनाला समुद्रावर 'गणपती बाप्पा मोरया' ऐकलं आणि मला रडूच आलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी नारळाच्या वड्या विकायची. खाली बसून, लाकडी पाटाला लावलेल्या लोखंडी दातांवर ती नारळ खवायची. आपली खवणीच म्हणा ना. मी तिला म्हटलं, माझी आई असाच खवते. तेव्हा तिने हातातली वाटी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, तुझ्या आईचं झाड आहे का? मी म्हटलं, नाही, आम्ही नाशिकचे, नारळ बाजारातून आणतो. ती म्हणाली, आमच्याकडे कोणी नारळ विकत घेत नसे. मग तिने चागोसमधल्या आपल्या बेटाचं नाव सांगितलं, पेरोस बान्योस. मला तेव्हा ते नावसुद्धा माहीत नव्हतं.

त्यांच्या बोलीत एक शब्द आहे, 'साग्रें'. दुःख म्हणतो ते, पण त्याने माणूस मरतो असं त्यांच्यात मानतात. आल्या-आल्या अमक्याचा बाप साग्रेंने गेला, तमकीची आई साग्रेंने गेली, असं ती एकेकाचं सांगत होती. आजाराचं नाव सांगावं तसं.

मॉरिशसमध्येही त्यांना कोणी प्रेमाने घेतलं नव्हतं, हे सांगायला हवं. बेटावर पैशाचा वापर जवळपास नव्हता, आणि इथे आल्यावर प्रत्येक गोष्टीला पैसे. घरं मिळाली ती पडकी. 'इलोआ' म्हणजे बेटावरचा, हा शब्द तिथे शिवीसारखा वापरत. म्हणून बेटं मॉरिशसला मिळाली म्हणजे त्यांना मिळाली, असं ते धरत नाहीत. सगळे नाही, पण बरेच.

---

त्र्यंबक | २५ मे, सकाळी ९.२०

लेख चांगला आहे, पण स्पष्ट बोलतो. तीनेक हजार किलोमीटरवरच्या बेटांचं आपल्याला काय? आपल्याच धरणग्रस्तांच्या तिसऱ्या पिढीला अजून दाखल्यासाठी चकरा माराव्या लागतात. आणि बेटांचंच बोलायचं तर कच्चथीवूवर बोला. १९७४ ला आपण ते श्रीलंकेला दिलं, तेव्हा रामेश्वरमच्या कोळ्यांना कोणी विचारलं होतं?

---

घोटीकर | २५ मे, सकाळी ९.४५

त्र्यंबकराव, दाखल्याच्या चकरा मी स्वतः मारल्यात, त्यामुळे तुमचा राग मला परका नाही. कच्चथीवूसाठी वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. इथे ते घेतलं तर दोन्ही विषय अर्धवट राहतील. पण तुमचा शेवटचा प्रश्न, 'कोळ्यांना कोणी विचारलं होतं?', हा माझाच प्रश्न आहे.

---

देवळाली_कॅम्प | २५ मे, दुपारी ३.३०

तोफखान्यात २२ वर्षं काढली, आता निवृत्त. घोटीकर साहेब, थोडी दुसरी बाजू मांडतो.

डिएगो गार्सिया हा साधा तळ नाही. साडेतीन किलोमीटरहून लांब धावपट्टी, मोठ्या युद्धनौका आत घेईल असं खोल खाजण, कुठल्याही मोठ्या भूभागापासून हजारेक मैल लांब. १९९१ ला इराक, २००१ ला अफगाणिस्तान, २००३ ला पुन्हा इराक, तिन्ही वेळा बॉम्बर तिथून उडाले. आत्ता दोन महिन्यांपूर्वी अमेरिकेने तिथे बी-२ बॉम्बर आणून ठेवले, उपग्रहाच्या फोटोंत ते दिसले. असला तळ कोणी सोडून देत नाही. म्हणून या वाटाघाटींत तळ राहणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. बोलणी होती ती कोणाच्या नावावर आणि किती भाड्याने, एवढीच. भारतालाही तो तळ तिथे असण्याची अडचण आज वाटत नाही. सत्तरच्या दशकात वाटायची.

आता तळाच्या सुरक्षेसाठी लोकांना हलवावं लागलं, हे म्हणणं मी फौजी म्हणून तपासलं. पटलं नाही.

पेरोस बान्योस आणि सालोमन ही बेटं डिएगो गार्सियापासून दोनशे किलोमीटरहून लांब आहेत. नाशिकला तळ आहे म्हणून पुणं रिकामं करा, अशातला हा प्रकार. शिवाय खुद्द डिएगो गार्सियावर लष्कराची वस्ती पश्चिमेच्या बाजूला, पूर्वेची बाजू मोकळी. तिथे जुनं चर्च आणि कबरी आहेत. आणि तळावर कामाला माणसं लागतातच, ती फिलिपिन्सहून आणली. म्हणजे परका कामगार चालतो, तिथेच जन्मलेला माणूस चालत नाही.

आमच्याकडे रेंजवर फायरिंग असलं की आसपासच्या गावांना आधी नोटीस जाते. त्या वेळेत गुरं तिकडे न्यायची नाहीत, हे गावाला माहीत असतं. त्रास होतो, नाही असं नाही. पण गाव जागेवर राहतं. फौज आणि गाव शेजारी राहू शकतात, हे मी रोज पाहिलंय.

---

साक्षीपुरावा | २५ मे, रात्री ९.०५

'स्पर्धापरीक्षा' यांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाशिकरोडला वकिली करतो, आंतरराष्ट्रीय कायदा हा माझा पेशा नाही, आवड आहे.

२०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ९४ विरुद्ध १५ मतांनी हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवला. भारताने मॉरिशसच्या बाजूने मत दिलं. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध १ असं मत दिलं. मॉरिशसचं वसाहतमुक्त होणं कायद्याने पूर्ण झालेलंच नाही, कारण १९६५ ची संमती मोकळ्या मनाची नव्हती, आणि ब्रिटनने शक्य तितक्या लवकर बेटांवरचा कारभार आवरावा. आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी त्या तेरांत होते. हे 'सल्लागार मत' आहे. म्हणजे वादीने हुकूमनामा घेऊन बेलीफ पाठवावा तसं नाही. पण मे २०१९ ला महासभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी सहा महिन्यांत निघा असं सांगितलं, आणि २०२१ ला समुद्री कायद्याच्या न्यायाधिकरणाने मॉरिशस-मालदीव हद्दीच्या दाव्यात मॉरिशसची मालकी ठरलेलीच आहे असं धरून पुढचं काम चालवलं. मत बंधनकारक नसलं तरी त्याच्यापुढे उभं राहणं दरवेळी महाग पडत गेलं. नोव्हेंबर २०२२ ला ब्रिटन बोलायला बसलं ते त्यामुळे.

आता खटकणारा भाग. न्यायालयाने लोकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न हा मानवी हक्कांचा आहे, तो महासभेने पाहावा, असं म्हणून बाजूला ठेवला. म्हणजे जमिनीचा निकाल लागला आणि कुळाचा राहिला.

सुनावणीत लिझबी एलिझे या बाईंचं निवेदन चित्रफितीवर दाखवलं होतं, कारण त्यांना लिहिता-वाचता येत नाही. बोटीत चढवलं तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या, पोटुशी. बोटीत जनावरांसारखं कोंबलं होतं, असं त्या सांगतात. मूल जन्मलं आणि गेलं. जिज्ञासूंनी ते अवश्य पाहावं. मी पंचवीस वर्षं साक्षी नोंदवतोय, इतकी सरळ साक्ष क्वचित ऐकली.

अजून एक. फॉकलंड बेटांवर १९८२ साली अठराशेच्या आसपास लोक होते. त्यांच्या इच्छेसाठी ब्रिटनने अर्जेंटिनाविरुद्ध आठ हजार मैलांवर आरमार पाठवलं. २०१३ ला तिथे सार्वमत घेतलं, १,५१३ जणांनी ब्रिटनसोबत राहायचं म्हटलं, तिघांनी नाही. चागोसची लोकसंख्याही साधारण तेवढीच होती. फरक कशाचा, ते वेगळं लिहायची गरज नाही.

---

अबोली | २५ मे, रात्री ९.४०

वकीलसाहेब, ती चित्रफीत आत्ता पाहिली. पेरोस बान्योसच्याच आहेत त्या. माझ्या म्हातारीच्या गावच्या.

---

पिंपळगावकर | २७ मे, पहाटे ५.३०

उशिरा आलो, कांदा झाकण्यात दोन रात्री गेल्या. यंदा मे महिन्यातच पाऊस लागला, निम्मा कांदा शेतातच भिजला.

मी शेतकरी माणूस, भाडेपट्ट्याचं तेवढं कळतं. कराराचे आकडे घोटीकरांनी दिले नाहीत म्हणून वाचून काढले. ब्रिटन मॉरिशसला पहिली तीन वर्षं दर साल १६ कोटी ५० लाख पाउंड देणार. नंतर दहा वर्षं १२ कोटी, त्यानंतर महागाईप्रमाणे वाढ. ९९ वर्षांची सरासरी वर्षाला १० कोटी १० लाख, म्हणजे आपले अकराशे ते बाराशे कोटी रुपये. शिवाय पंचवीस वर्षं दर साल ४ कोटी ५० लाखांचा विकासनिधी. आणि चागोसच्या लोकांसाठी ४ कोटींचा ट्रस्ट, तोही एकदाच, आणि तो मॉरिशसने चालवायचा.

म्हणजे पहिल्या एका वर्षाच्या भाड्याच्या चौथाई रक्कम, ती पण एकदाच, ज्यांच्या घरावर तळ उभा आहे त्यांना.

आमच्याकडे कोणी बाग खंडाने देतो तेव्हा तीन गोष्टी लिहून घेतो. विहिरीचं पाणी कोणाचं, मुदत संपल्यावर वेली कोणाच्या, आणि बांधावरच्या म्हसोबाला जायला वाट राहील का. म्हसोबाची वाट कोणी अडवत नाही, पण लिहून घ्यावी लागते. नाही लिहिली तर दुसऱ्या पिढीत भांडण होतं, आमच्या भावकीत झालंय. या करारात कबरीला जायची वाट पक्की लिहिली आहे का? मला ती दिसली नाही. 'वसवू शकेल' असं लिहिलंय, 'वसवील' असं नाही. या दोन शब्दांत किती अंतर असतं, ते ज्यांच्या जमिनी गेल्यात त्यांना विचारा.

---

साक्षीपुरावा | २७ मे, सकाळी ८.१०

पिंपळगावकर, मसुदा वाचणाऱ्या वकिलापेक्षा तुम्ही बारीक वाचलंत. 'शकेल' म्हणजे मुभा, कर्तव्य नव्हे. मॉरिशसने एकही माणूस वसवला नाही तरी करार मोडत नाही.

---

सागरपक्षी | २८ मे, रात्री १०.००

मी नांदूरमधमेश्वरला वर्षानुवर्षं पक्षी मोजायला जाते. चागोसचं नाव मला पक्ष्यांमुळेच माहीत. जगातल्या सर्वांत निकोप प्रवाळांपैकी काही तिथे आहेत, लाल पायांचे बूबी हजारोंनी घरटी करतात, नारळ फोडणारा खेकडा आहे. २०१० ला ब्रिटनने तिथे ६,४०,००० चौरस किलोमीटरचं सागरी राखीव क्षेत्र जाहीर केलं. मासेमारी पूर्ण बंद. तेव्हा आम्ही मैत्रिणींनी आनंदाने फोन केले होते एकमेकींना.

त्याच वर्षी अमेरिकी दूतावासाची एक गुप्त तार बाहेर आली. राखीव क्षेत्र केलं की पूर्वीच्या रहिवाशांना परत येणं जवळपास अशक्य होईल, असा हिशेब त्यात मांडलेला होता. २०१५ ला लवादाने ते क्षेत्र बेकायदा ठरवलं, कारण मॉरिशसच्या मासेमारीच्या हक्कांचा विचार केला नव्हता.

मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. नांदूरमधमेश्वर २०२० ला रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथे पक्षी दाखवणारी मुलं आसपासच्या गावांतलीच आहेत, मला पाणकोंबडीची पिल्लं ओळखायला त्यांनीच शिकवलं. माणूस हटवून पाखरू वाचवायचं, हे मी माझ्या नावावर घेणार नाही.

---

त्र्यंबक | ३० मे, सकाळी ७.१५

चार दिवस सगळं वाचत होतो. माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता.

'आपल्याला काय' म्हटलं होतं, तर शोधलं आणि आपलाच संबंध सापडला. मॉरिशसचंच आगालेगा म्हणून एक बेट आहे. तिथे भारताने धावपट्टी आणि जेटी बांधली. २९ फेब्रुवारी २०२४ ला दोन्ही पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. बेटावर जेमतेम तीनशे लोक राहतात, तेही नारळाच्या मळ्यांवरचेच वंशज. आपलं चागोस होईल का, ही भीती त्यांनी बोलून दाखवली आहे. दोन्ही सरकारं म्हणतात हा लष्करी तळ नाही, रहिवाशांचीच सोय आहे. माझा आपल्या सरकारवर विश्वास आहे. पण तिथल्या बाईला 'तुला इथून कोणी हलवणार नाही' हे तिच्या भाषेत लिहून द्यायला आपलं काय जातं? आम्हाला द्यायला हवं होतं तेच.

'आम्हाला' लिहिलं, कारण माझ्या आईचं माहेरही पाण्याखाली आहे. पहिल्यांदाच इथे सांगतोय.

---

देवळाली_कॅम्प | ३० मे, सकाळी ८.००

त्र्यंबकराव, तुम्ही म्हणता ते सुरक्षेच्या दृष्टीनेही बरोबर आहे. भोवतालचा माणूस आपला असला की अर्धा पहारा तोच देतो.

---

स्पर्धापरीक्षा_२६ | ३० मे, दुपारी १२.४०

सर्वांचे आभार. एक शंका. चागोसवासीयांतच एकमत नाही ना? मग वाटाघाटीत बसवायचं कोणाला?

---

अबोली | ३० मे, दुपारी २.१०

बाळा, हा प्रश्न मलाही छळतो. मॉरिशसमधल्या निर्वासित गटाचे ऑलिव्हिए बांकू यांनी करार स्वीकारला. ते पेरोस बान्योसचेच, २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयात जिंकले होते. २००४ ला ब्रिटनने राजाज्ञेने तो हक्क पुन्हा काढून घेतला, आणि २००८ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, ते तीन विरुद्ध दोन असे हरले. इतकी वर्षं लढलेला माणूस मिळेल ते पदरात घेऊन पुढे जातो म्हणाला, तर मी त्याला नावं ठेवू शकत नाही. आणि लंडनजवळच्या क्रॉलीत राहणारे बरेच जण म्हणतात, आम्हाला मॉरिशस नको, आम्हाला आधी विचारा.

पण ब्रिटन आणि मॉरिशस यांचं तरी एकमत कुठे होतं? त्यांच्यासाठी तेरा फेऱ्या झाल्या. मतभेद असतात म्हणूनच तर बोलायला बसतात. दोन्हीकडच्या गटांचे दोन-दोन जण बसवले असते तरी चाललं असतं. त्या म्हाताऱ्यांपैकी आता किती उरल्या असतील?

---

साक्षीपुरावा | ३० मे, रात्री ८.२०

अबोलीताईंना एक जोड. करार अजून दोन्ही संसदांतून जायचा आहे. मुभेचं कर्तव्य करायला उशीर झालेला नाही. मॉरिशस स्वतःच्या संसदेत कायदा करून 'आम्ही वसवू, अमुक मुदतीत, अमुक बेटावर' असं म्हणू शकतं, त्याला ब्रिटनची परवानगी लागत नाही. आपल्याकडे पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ ला, तोवर कित्येक धरणं भरून वाहत होती. घोटीकरांच्या आजोबांना त्याचा उपयोग झाला नाही, पण नंतरच्यांना थोडाफार झाला.

---

घोटीकर | १ जून, रात्री ९.३०

सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. तिचं वय ऐंशी. अबोलीताई, तुमच्या म्हातारीचं 'आमच्याकडे कोणी नारळ विकत घेत नसे' हे वाक्य ऐकून ती म्हणाली, 'आपल्याकडे नाही का, तांदूळ कोणी विकत घेत नसे.' एवढंच म्हणाली आणि आत गेली.

एक गोष्ट मूळ लेखात राहिली होती. २००६ साली शंभरेक चागोसवासीयांना बोटीने बेटांवर नेलं, पूर्वजांच्या कबरी पाहायला. थोडे दिवसच. त्यांनी कबरींवरचं गवत काढलं, फुलं वाहिली, आणि परत बोटीत बसले. राहता आलं नाही.

आमच्या धरणाचं पाणी दुष्काळी वर्षात इतकं उतरतं की गावच्या मारुतीच्या देवळाचा ओटा उघडा पडतो. २०१६ च्या मे महिन्यात आजोबांना खांद्यावर घेऊन मी चिखलातून तिथे गेलो होतो. ओट्याच्या कोपऱ्यावर एक खळगा आहे, तेल ओतून ओतून पडलेला. आजोबांनी त्यात बोट फिरवलं, मग शर्टाच्या खिशातून तेलाची छोटी बाटली काढली. घरून निघताना त्यांनी ती कधी घेतली होती, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

आज रविवार होता, म्हणून त्र्यंबकरावांना फोन केला आणि आम्ही दोघं धरणावर जाऊन आलो. त्यांच्या आईचं माहेर आमच्यापासून दोन कोसांवरचं निघालं. यंदा पाऊस लवकर लागल्याने ओटा दिसला नाही, पाणी वर आलंय. कुठे असेल ते मी हाताने दाखवलं. त्यांनी काठावरूनच नमस्कार केला.

फोटो काढलेत, पण नुसतं पाणीच दिसतंय. तरी उद्या चढवतो.